खडकाच्या उजवीकडची बोर

निकितानं खुरपं पुन्हा उगारलं आणि कोंबाच्या मुळाशी घातलं. कोंब तुटला, पण शेजारच्या कोंबाच्या काट्यानं तिचा तळहात धरला. तिनं हात हिसकला. कातडी फाटली, काटा आतच राहिला.

वणव्यात बेंबळीचा हा माळ काळाठिक्कर पडून दोन महिने झाले होते. गवत, तरवड, बांधावरची बोर, सगळं जळून बसलं होतं. आठ दिवसांपूर्वी खडकाच्या डाव्या अंगाला राखेतून दोन लालसर शेंडे वर आलेले तिला दिसले. तिनं ते छाटले. आज सात होते. काही केल्या न मरणारा माळ! हेच तर तिनं वणव्याआधी चित्रात रंगवलं होतं, आणि स्पर्धेत जिल्ह्यात पहिली आली होती.

फक्त चित्रात बोर खडकाच्या उजवीकडं होती. खरी होती तिथंच ठेवली तर डावीकडं नुसती दाटी आणि उजवीकडं ओकंबोकं, म्हणून तिनं झाड उचलून पलीकडं लावलं. ब्रशनं झाड हलवायला असा कितीसा वेळ लागतो?

डावीकडून बोरीपर्यंतचं रान धाकट्याचं, म्हणजे पप्पांचं, पुढचं थोरल्या तात्यांचं, असं आजोबा ठरवून गेले होते. बोर गेली आणि दोघा भावांचं जुंपलं. पंधरा दिवसांपूर्वी याच खडकापाशी पप्पांनी तात्यांच्या मनगटावर कुऱ्हाडीचा दांडा घातला. उसाचं कांडं मोडावं तसा आवाज आला. त्या संध्याकाळी पप्पा भिंतीवरच्या चित्रापुढं थबकले. "बघा की, बोर खडकाच्या पल्याड. पोरीनं जसंच्या तसं काढलंय." इतक्या कौतुकानं त्यांनी तिच्याकडं कधी पाहिलं नव्हतं. तोंडातलं वाक्य तिनं गिळलं.

पावलं वाजली. तिनं तुटक्या कोंबांवर जळकं गवत ओढलं आणि उठून पुढं आली.

पुढं आण्णासाहेब होते. दोन्ही भावांनी त्यांचा शब्द मानायचं कबूल केलं होतं. मागं हात गळ्यात बांधलेले तात्या. पप्पांनी चित्राची फ्रेम दोन्ही हातांनी छातीशी धरली होती, देवीचा फोटो धरावा तशी.

"पोरी, हे बघून काढलंस का मनानं?" आण्णासाहेबांनी विचारलं.

"बघूनच," पप्पा म्हणाले.

"तुला न्हाय इचारलं, महारुद्रा."

"सांगून ठिवतो आण्णा, निकाल उलटा लागला तर... त्या डावाला मनगट होतं. आता टाळकं."

तात्या खडकावर टेकले. "एकच हात ऱ्हायलाय माझा. लवकर उरकंल तुझं."

पप्पांच्या मानेची शीर टरारली. निकितानं मूठ पाठीमागं नेली, पण रक्त टाचेवर ठिबकलंच.

"हात बघू," तात्या म्हणाले.

"काय न्हाय, तात्या."

त्यांनी तिचा तळहात गुडघ्यावर ओढला आणि धडक्या हाताच्या नखांनी काटा चिमटीत धरला. ती चित्र काढत होती तेव्हा ह्याच हातानं त्यांनी बोरीची फांदी तिच्यासमोर वाकवून धरली होती. "काटे जोडीनं बघ. एक सरळ, एक आकडा. सरळ टोचतो, आकडा सोडत न्हाय. ह्या माळावर आकडा फक्त हिलाच."

काटा निघाला. वाकडा, हिरवा, ओला.

तात्या त्याच्याकडं बघत राहिले. मग तिच्या गुडघ्यांवरची राख त्यांनी बघितली. मग हातातलं खुरपं.

"कशाचा हाय?" आण्णासाहेब म्हणाले.

"बाभळीचा." तात्यांनी काटा खिशात टाकला. "वाळका. कुठंबी लागतोय."

"मग सांग पोरी. बोर कुठं होती?"

पप्पांनी चित्र आणखी वर धरलं. निकितानं एकदा त्या फ्रेममध्ये अडकलेल्या दोन हातांकडं बघितलं, आणि खुरपं जेवढं लांब फेकता येईल तेवढं लांब फेकलं. मग खडकाला वळसा घालून ती डावीकडं गेली, गुडघ्यांवर बसली आणि गवत बाजूला सारलं.

"हितं या, आण्णा," ती म्हणाली. "जपून. टोचतंय."