आजीचं तिकीट

"गस, मोहरी सॉसेजला लावायची असते, कोपराला नाही," असं म्हणत बर्नाडीन नातवाचा कोपर पुसू लागली. तीन वर्षांच्या गसनं तेवढ्यात दुसरा कोपरही बुडवून घेतला.

मॅचच्या दिवशी पिकअपची मागची फळी पाडायची आणि तिच्यावरच स्वयंपाकघर मांडायचं, ही झास्ट्रोंच्या घरातली जुनी रीत. जागाही ठरलेली. स्टेडियममागच्या गल्लीत, लोरेटा म्हातारीच्या घरापुढची हिरवळ. बिअरमध्ये कांद्याबरोबर उकडलेली सॉसेज शेगडीवर चरचरत होती. बाजूला बर्नाडीनच्या वड्यांचा डबा होता, तो दर मॅचला व्हर्नबरोबर आत जायचा. सगळ्यांच्या डोक्यावर हिरव्या टोप्या होत्या आणि तोंडातून वाफा निघत होत्या.

ग्रीन बे गावात अमेरिकन फुटबॉलच्या हंगामाची तिकिटं इतकी दुर्मिळ, की लोक ती मृत्युपत्रात लिहून ठेवतात. बर्नाडीनच्या नवऱ्याला, व्हर्नला, वडिलांकडून दोन मिळाली होती. एकावर तो जायचा, दुसऱ्यावर आधी त्याचा भाऊ आणि मग मुलगा डेल. बर्नाडीन बाहेर राहायची. आधी डेलला सांभाळत, मग भाचरांना, आता नातवंडांना. आठवडाभर अख्ख्या शाळेला जेवू घालणाऱ्या बाईला रविवारी दोन-तीन पोरं म्हणजे विश्रांतीच, असं घरात सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

भिंतीपलीकडून गर्जना आली की ती जवळच्या पोराच्या कानांवर दोन्ही हात ठेवायची आणि स्वतः मात्र कान टवकारून ऐकायची. आपल्यांनी बाजी मारली की आवाज फुटतो, चेंडू गमावला की एकदम बसतो, हे तिला ऐकून ऐकून पाठ झालं होतं. एकदा तरी आत बसून डोळ्यांनी पाहावं असं तिला फार वाटे. पण ते तिनं कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

आज डेलला कागद कारखान्यात पाळी लागली होती आणि त्याची बायकोही कामावर होती. म्हणून पोरं आजी-आजोबांकडे आणि डेलचं तिकीट मोकळं. सकाळी बर्नाडीननं गुपचूप मोज्यांचे दोन जोड चढवले होते. आतल्या पत्र्याच्या बाकांवर पाय गारठतात, असं तिनं ऐकलं होतं. पोरांकडे कोण बघणार, एवढा विचार मात्र तिनं केला नव्हता.

इतक्यात छातीपर्यंत दाढी वाढलेला व्हर्नचा दोस्त एलरॉय हिरवळीवर आला आणि ती दाढी पाहून गसनं भोकाड पसरलं.

"डेलचं तिकीट एलरॉयला दिलंय मी," व्हर्न सॉसेज उलटत म्हणाला. "शब्द दिलाय त्याला."

बर्नाडीननं एकदा आपल्या पायांकडे पाहिलं आणि गसला कडेवर घेतलं.

सात वर्षांची टेसा पिकअपच्या फळीवर पाय हलवत बसली होती. तिनं तोंडातला घास गिळला. "आजोबा, आजीचं तिकीट कुठंय?"

"आजीला नाही गं तिकीट. ती तुमच्याजवळ असते."

"कायम?"

"कायम म्हणजे... तिला नाही आवडत ते. थंडी, आरडाओरडा."

"आजी, तुला आवडत नाही?"

'मला मेलीला काय कळतंय त्यातलं' हे वाक्य बर्नाडीनच्या जिभेवर आलं. तिसेक वर्षं तेच यायचं, सवयीनं. आज तिनं ते गिळून टाकलं.

"मला जायचंय," ती म्हणाली.

शेगडीवर एक सॉसेज फुटलं. व्हर्न चिमटा हातात धरून तसाच उभा राहिला.

"मी थांबतो की पोरांजवळ," एलरॉय पुढे झाला. गसनं पुन्हा सूर लावला.

"तुम्ही नका," टेसा म्हणाली. "आजोबा थांबतील. त्यांचं तिकीट आजीला द्यायचं."

"मी?" व्हर्न म्हणाला. "अगं, मला गसचं काय कळतंय?"

"तुझाच नातू आहे," बर्नाडीन म्हणाली. "खायला लागतं, पुसायला लागतं. बाकी तो स्वतःच सांगतो."

व्हर्ननं बायकोकडे बघितलं, मग तिच्या पायांकडे. बूट फुगले होते.

"दोन जोड घातलेस?"

"हो."

"सकाळीच?"

"सकाळीच."

त्यानं चिमटा खाली ठेवला. मग त्यानं खिशातून फोन काढला, पँटला घासून मोहरी पुसली आणि तिच्या हातात दिला. तिकीट त्या फोनमध्येच होतं. "बोलायचंस की गं एवढ्या वर्षांत," तो हळूच म्हणाला.

"विचारायचंस की रे," ती म्हणाली, आणि वड्यांचा डबा घेऊन एलरॉयबरोबर निघाली. मागं वळून पाहायचं नाही असं ठरवलं होतं, तरी कोपऱ्यावर तिनं पाहिलंच. व्हर्न गसला पोत्यासारखं काखेत धरून उभा होता आणि टेसा त्याला काहीतरी समजावून सांगत होती.

आत गेल्यावर तिचे पाय पायऱ्यांवरच थबकले. एवढं हिरवं! मैदान इतकं जवळ असेल असं तिला वाटलंच नव्हतं.

"ही व्हर्नची जागा आहे हं," शेजारची म्हातारी जरा दटावूनच म्हणाली. मग तिचं लक्ष डब्याकडे गेलं. "थांब. शेंगदाणा-चॉकलेटच्या वड्या? तू बर्नाडीन?"

"हो."

"अगं, मी डोलोरेस. तुझ्या वड्या खाऊन खाऊन म्हातारी झाले मी!" तिनं मागच्या रांगेला कोपर मारला. "अरे, वड्यावाली आली बघा!" चार रांगांमधून हात पुढे आले. कुणी डबा धरला, कुणी अंगावर पांघरूण टाकलं, कुणी तिला बाकाच्या मधोमध सरकवलं. बर्नाडीनला भरून आलं. ही माणसं तिला ओळखत होती, आणि इतकी वर्षं तिला त्याचा पत्ताच नव्हता.

खेळ रंगात आला आणि फोन वाजला. लोरेटाच्या फोनवरून व्हर्न बोलत होता.

"गसची दुसरी पँट कुठंय?"

"पिवळ्या पिशवीत."

"बघितलं."

"तळाला बघ. पुसायचे ओले रुमालही तिथंच आहेत."

"बरं." तो ठेवेना. "ऐक ना. आत्ता मोठा आवाज आला. काय झालं?"

"आपल्या पोरानं त्यांचा चेंडू हवेतच झेलला. तुला आवाजावरून कळलं नाही?"

"नाही बुवा. तुला कळायचं?"

"मला कळायचं," बर्नाडीन म्हणाली. "पण दिसायचं नाही."

पलीकडे गस खिदळत होता. व्हर्न म्हणाला, "मजेत आहे पोरगं. तू बस निवांत. पुढचं काय ते आल्यावर सांग मला."

फोन खिशात जातो न जातो तोच आपला एक गडी कडेकडेनं सुटला. एक आडवा आला, त्याला त्यानं चुकवलं, दुसऱ्याला झटकलं आणि तो थेट शेवटच्या रेषेपार गेला. सगळं स्टेडियम उठून उभं राहिलं. बर्नाडीनही उठली. तिनं ते पाहिलं होतं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, स्वतःच्या डोळ्यांनी.

गर्जना उठली तसे तिचे दोन्ही हात आपसूक खाली गेले, गुडघ्याजवळ, लहान पोराचे कान असतात तिथं. तिथं कुणी नव्हतं. हात क्षणभर तसेच राहिले. मग डोलोरेसकडे बघत तिनं ते वर उचलले आणि सगळ्यांबरोबर ओरडली.