चार बोटे आत

मुरबाडच्या दीपेशने लेझरचे यंत्र सुरू केले, तशी हिरव्या प्रकाशाची रेघ आधी गावदेवीच्या मंदिरावर चढली, कळसाला वळसा घालून खाली आली आणि शेजारच्या सभागृहाच्या कडेकडेने धावू लागली. समोर पटांगणात बसलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत. पूर्वेच्या कोपऱ्यावर रेघ चुकली होती.

हे सभागृह मी बांधले. यजमानांना जाऊन एक्केचाळीस वर्षे झाली. त्यांचे नाव मी घेत नाही. ते दारावर कोरलेले आहे. चाळिसाव्या वर्धापनदिनी इमारतीला प्रकाशाची किनार द्यावी, ही हौस गावाची, परवानगी माझी. दीपेशने चार दिवसांपूर्वीच येऊन यंत्र सभागृहासमोर राहणाऱ्या गंगीच्या ओट्यावर लोखंडी घोडीला जखडले, आणि अंधार पडल्यावर संगणकापुढे बसून मंदिर व सभागृह या दोन्हींच्या कडा टिंबाटिंबाने गिरवून घेतल्या. "आता ही रेघ केसभर सरकणार नाही, आजी," असे तो मला छातीठोकपणे सांगून गेला होता.

"दीपेश, तुझी रेघ कडेवर नाही. भिंतीवर पडते आहे."

"हो आजी, बघितलं मी. घोडीला कोणाचा तरी धक्का लागला असणार. दोन मिनिटं द्या, जागेवर आणतो."

"थांब. हात लावू नकोस."

मी पुन्हा मंदिराकडे पाहिले. कळसावर रेघ चोख बसली होती, पायरीवरही. घोडी हलली असती, तर देवीचा कळसही चुकला असता. मग मी सभागृहाच्या कोपऱ्यावरून नजर खाली आणली. जोत्यापाशी रेघ बरोबर कडेवर होती. जसजशी वर जावी, तसतशी ती कडेपासून आत आत सरकत होती.

"वयनी, दिसलं ना?"

आवाज पाठीमागून आला. सोमा गवंडी खुर्चीवरून उठून माझ्या बाजूला येऊन उभा राहिला होता. चाळीस वर्षांत तो माझ्याशी बोलला नव्हता. एक डोळा मिटून त्याने अंगठा समोर धरला.

"खाली बरोबर, वर चार बोटं आत. रेघ नाय हालली. भित भाईर वाकली. यो दिवा नाय वयनी, यो ओळंबा हाय."

सभागृह बांधताना हाच सोमा मला म्हणाला होता, "यो खाचरातला भराव हाय. त्याला दोन पावसाळे पाजा, मंग भित उचला." मला ते वर्षश्राद्धाच्या आत उभे हवे होते. "मला छप्पर पाहिजे, सल्ला नको," असे मी सगळ्या मजुरांदेखत त्याला ऐकवले. मजूर हसले. त्याने काम पुरे केले आणि त्यानंतर आमच्या अंगणात पाऊल ठेवले नाही. आणि गेल्याच महिन्यात त्या पूर्वेच्या कोपऱ्याला पाण्याची टाकी बसवून घेतली, तीही मीच. तिच्याखालची जमीन गेले आठ दिवस ओली होती. मी ते पाहिले होते.

वरच्या सज्जात बावीस मुली गौरीच्या नाचासाठी रांगेत उभ्या होत्या. सर्वांत पुढे माझी नात मनस्वी. खाली उतरायला एकच जिना, आणि तो त्याच कोपऱ्यात. ढोलकीवाल्याने थाप मारून सूर पाहिला. बावीस जणींचे पाय एका ठेक्यावर पडले की काय होईल, ते सोमाने मला सांगण्याची गरज नव्हती. आणि 'पळा' असे मी ओरडले असते, तरी तेच पाय तितक्याच जोराने जिन्यावर पडले असते.

मी काठी टेकून उठले आणि निवेदकाच्या हातून माईक घेतला.

"ढोलकी बंद. गावदेवीला नारळ द्यायचा राहिला आहे."

ढोलकीवाल्याने हात उचलला. आमच्याकडे नारळावाचून नांगरही जमिनीला लागत नाही. मंदिराची झाडलोट करणारी देवकी गोंधळून पुढे आली. "अवो मोठी बाय, सकालीच तर तुमच्या हातानं—"

"देवकी! मी बोलत असताना मध्ये बोलायचे नाही."

साठी उलटलेली देवकी मागे सरली. मागून कोणीतरी म्हणाले, "मोठ्या बायला पन इसर पराया लागला रं!" आणि हशा पिकला. मी तो पिकू दिला. मला विसराळू म्हणण्याचे धाडस या गावात त्याआधी कोणी केले नव्हते.

"मुलींनी आधी यायचे. अनवाणी. घुंगरू सोडून हातात घ्या. एकीने खाली पाय टेकला की मगच दुसरीने जिना धरायचा. देवीपुढे जाताना बोलायचे नाही, पाय आपटायचा नाही. बाकीच्यांनी गुपचूप मंदिराकडे सरकावे."

मनस्वी कठड्यावरून वाकली. "आजी, नाच झाल्यावर येतो ना! आताच तर बांधले घुंगरू!"

"सोड."

"आजी, पण—"

"मनस्वी."

ती खाली बसली आणि गाठ सोडू लागली.

मुली उतरू लागल्या. मी मोजत होते. सोमा न सांगता जिन्याखाली जाऊन उभा राहिला होता. आजाऱ्याच्या कपाळावर ठेवावा तसा त्याने भिंतीवर तळवा ठेवला होता. सात. आठ. टाकीच्या पत्र्यावर टप्प असा आवाज झाला, गिलाव्याचा खडा. दीपेशने माझ्याकडे पाहिले. "आजी, रेघ आणखी आत गेलीय," तो पुटपुटला. "बोलू नकोस," मी म्हटले. चौदा. पंधरा. सोमाने दुसरा तळवाही भिंतीला लावला. एकवीस.

मनस्वी वरच होती. पुढची असून ती शेवटी उतरत होती, एकेकीला पुढे घालून. हे तिला मीच शिकवले होते, आणि त्या क्षणी मला त्याचा संताप आला. ती खाली आली. सोमाने तिचा दंड धरून तिला जवळजवळ ओढतच मंदिराच्या आवारात आणले.

देवकी नारळ घेऊन उभी होती. "मंग फोरू का?"

"नको. सकाळी फुटला तोच खरा. आत्ता मी खोटे बोलले." मी माईक सोडला नव्हता. "पूर्वेची भिंत वाकली आहे. तिचा पाया कच्च्या भरावावर आहे. सोमाने मला तेव्हाच सांगितले होते. मी ऐकले नाही, वर मजुरांना त्याच्यावर हसवले."

कोणी हसले नाही. इंद्रजीत, आमचा उपसरपंच, म्हणाला, "अवो, काय व्हतंय तिला, चाळीस वर्सं उभी हाय! चला रे, निदान खुर्च्या तरी उचलू." चौघे पुढे निघाले. मी त्यांच्या वाटेत काठी आडवी धरली.

"मला ओलांडून जायचे असेल, तर जा."

ते थांबले. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. मी सभागृहाकडे पाठ करून उभी होते. माझ्या मागे काय झाले ते मला त्यांच्या चेहऱ्यांवर आधी दिसले. मग जमीन हादरली.

मी वळले तेव्हा जिना नव्हता, सज्जा अर्धा होता, आणि धुळीच्या लोटात पूर्वेच्या कोपऱ्याची हिरवी रेघ सरळ उभी होती.

"बंद करू, आजी?" दीपेशने विचारले.

"राहू दे. धूळ बसेपर्यंत कोणी पुढे जायचे नाही. भिंत कुठे होती, तेवढे तरी दिसेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी सोमा आमच्या अंगणात आला. मी त्याला खुर्ची दिली आणि चहा स्वतः आणला. बशीत चहा ओतून तो बराच वेळ फुंकत राहिला.

"सगळाच भराव काढाया लागल. नवा घालाया लागल," तो म्हणाला.

"आणि भिंत कधी उचलायची?"

त्याने माझ्याकडे पाहिले. मी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, हे त्याला ठाऊक आहे.

"दोन पावसाळे, वयनी."

"बरे," मी म्हटले. "थांबते."