निघाली म्हणून सांगितलंय

"आधी 'गाडी निघाली' म्हणून सांगायचं, मग गाडी शोधायला लागायचं. उलटं केलंस तर पेशंट इथेच म्हातारा होईल."

नोकरीच्या पहिल्या दिवशी मोठ्या बाईंनी दिलेला हा गुरुमंत्र. पेशंट एका हॉस्पिटलातून दुसऱ्यात हलवायचे, हे आमचं खातं. खातं म्हणजे एक टेबल, दोन फोन आणि मी. मोठ्या बाई निवृत्त झाल्या. मंत्र मात्र मी नऊ वर्षं जपला. पोथीसुद्धा इतक्या निष्ठेनं वाचली नसेल.

माझे नेम बरेच. पहाटे स्नान, मग जप, एक वेळ जेवण. परवा त्यात एकाची भर घातली: स्नानापासून दिवेलागणीपर्यंत खोटं बोलायचं नाही. घरी काही अडलं नाही; नवरा विचारतोच कुठे काही! ऑफिसात मात्र पहिल्याच दिवशी घोळ झाला.

सात नंबरच्या आजींना हृदयाच्या हॉस्पिटलात न्यायचं होतं. झडप बिघडलेली. "आजच गेल्या पाहिजेत," डॉक्टर म्हणाले. तिकडे एकच बेड रिकामा, तोही माझ्या शब्दावर धरून ठेवलेला. तिकडे माझ्यासारखाच एक फोनवाला आहे. तोंड कधी पाहिलं नाही, पण आवाज असा की मनातल्या मनात मी त्याला खर्ज म्हणते.

सकाळी सही घ्यायला गेले तर आजींनी मनगटच धरलं. "तिथे माझं कोण आहे गं? संध्याकाळी येशील ना बघायला?"

"येते ना," म्हटलं. सगळ्यांनाच म्हणते.

अकराला खर्जाचा फोन. "ताई, गाडी निघाली?"

गाडी फाटकाशी उभी होती. ड्रायव्हरमामा ऑक्सिजनची टाकी बदलत होते. ओठांवर आलेलं गिळलं. "नाही."

पलीकडून "अरेरे," आणि फोन बंद.

अरेरे कशाचं? दहा मिनिटं तेच डोक्यात घोळलं, शेवटी मीच फोन लावला.

"बेड दिला की दुसऱ्याला! आजी गेल्या ना?"

"कुठे गेल्या? वॉर्डात बसून नर्सशी भांडतायत!"

"मग नाही कशाला म्हणालात? पेशंट दगावल्याशिवाय गाडी निघाली नाही, असं आजवर कुणी मला सांगितलंय का?"

देवाला म्हटलं, बघ बाबा, तुझ्यापायी खरं बोलले आणि बेड गेला. आता नुसता उदबत्तीचा वास घेत बसू नकोस.

"तो दुसरा पेशंट कसा आहे?"

"धडधाकट. उद्याची तपासणी, आज आरामात येऊन पडणार."

"त्यांची गाडी निघाली?"

"निघाली म्हणतात."

खर्ज खो खो हसला. "म्हणजे तासभर तरी नाही."

"मी अर्ध्या तासात आणते. आणि हे खरं सांगतेय."

"ताई, तुमच्या खऱ्याचीच भीती वाटायला लागलीय. आणा. आधी दारात येईल त्याचा बेड."

मी धावले. या गुडघ्यांनिशी. लिफ्टमध्ये जेवणाची ट्रॉली घुसत होती. "स्ट्रेचर आधी!" मी ओरडले. माझा चढलेला आवाज तिथे कुणी ऐकला नव्हता. ट्रॉलीवाला भिंतीलाच चिकटला. मामांनी ऑक्सिजन जोडला, आजींनी शाल सावरली, आणि गाडी निघाली. खरोखरची.

दुपारी मामा परतले. "मिळाला बेड. त्यांच्या गाडीचा तर पत्ताच नव्हता. पण आजींनी वाटभर तुमचंच लावलं होतं. ती येणार ना, येणार ना?"

"मग काय सांगितलंत?"

"काय सांगणार? तुम्ही निघालात म्हणून सांगितलंय." मामा मिशीतल्या मिशीत हसले.

मला हसू येईना. 'येते ना' म्हणून नऊ वर्षांत किती जणांना गाडीत चढवलं, आणि एकाच्याही उशाशी जाऊन उभी राहिले नाही. हे तर मोठ्या बाईंनीसुद्धा शिकवलं नव्हतं. माझं मीच शिकले.

पाच वाजले. दिवेलागणीला अजून अवकाश होता. शेजारच्या टेबलावरच्या बाईंना फोन बघायला सांगितलं, पर्स उचलली आणि 'निघाले' म्हणून कुणाला न सांगता बसथांब्याकडे चालू लागले.