बकुळा आज आली नाही

पौषातली पहाट. कादवेच्या काठावर धुक्याचं शुभ्र, संथ, निःशब्द साम्राज्य. नदी दिसत नाही. नदीचा नुसता श्वास दिसतो. द्राक्षमंडपावर दहिवर साचलं आहे, पानापानाच्या कडेला हिमाची तकलादू, तकाकती किनार आहे. आणि त्या अपार पांढऱ्यात ठायी ठायी तांबूस डोळे उघडावेत तशा शेकोट्या. ओला पाचोळा, थोडं पाचट. ज्वाळा जराशी, धूर फार. धूर वेलींखालून सरपटत येतो, एकेका घडाला कुशीत घेतो, पुढे जातो.

कारण थंडीने मणी तडकतात. उन्हाने मणी गुलाबी पडतात. वाऱ्याने घासतात, धुळीने डागाळतात. द्राक्षाचं बालपण म्हणजे अशा शंभर भयांचा वेढा. म्हणून या दिवसांत घडांना कागद बांधतात. जुनी वर्तमानपत्रं घडाभोवती गुंडाळायची, वरून स्टेपलरची एक टिचकी. मग बाहेर ऊन पडो, गारठा पडो. आत हिरवा, पारदर्श, गोड होत जाणारा अंधार.

मंडपाच्या या टोकाला घर. घरात खिडकीशी टेबल. चहाच्या कपबशा आवरल्या की त्या टेबलावर निळं कापड अंथरलं जातं. धुऊन धुऊन आभाळासारखं फिकटलेलं निळं कापड. कापड अंथरलं की शाळा भरते. कापड उचललं की शाळा सुटते. टेबल तेच, खुर्च्या त्याच, समोरासमोर बसणाऱ्या दोघीही त्याच. पण कापडावर आईला आई म्हणायचं नाही. कापडावर आई म्हणजे बाई.

आई संज्योत. लेक शरयू. शरयू आता पंधरा वर्षांची, तिची वेणी कंबरेखाली आणि तिची नजर खिडकीबाहेर.

ती दुसरीत होती, तेव्हा तिच्या छातीत हिवाळा राहायला आला. इवल्याशा बरगड्यांच्या पिंजऱ्यात कुणीतरी अखंड शीळ घालत असे. संज्योत ती शीळ भिंतीपलीकडून ऐके, झोपेतून ऐके, विहिरीवरच्या मोटारीच्या घरघरीतूनही ऐके. डॉक्टर म्हणाले होते, गर्दी टाळा, धूळ टाळा, एखादं वर्ष शाळेची घाई नको. एखादं वर्ष! आईच्या पंचांगात त्या वर्षाला शेवटची तिथी उगवलीच नाही. श्वास बरा झाला. शीळ विरून गेली. भय मात्र बरं झालं नाही.

त्या पहिल्या दिवशी निळं कापड अंथरलं गेलं, तेव्हा चिमुरड्या शरयूने रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिलं आणि विचारलं होतं, "बाकीच्या कुठायत?"

संज्योतच्या हाती विज्ञानाची पदवी होती, पण या प्रश्नाचं उत्तर कुठल्याच प्रयोगशाळेत शिकवलेलं नव्हतं. तिने हवेतून चार मुली बोलावल्या. सुगंधा. मंदाकिनी. जाई. आणि रोज उशिरा येणारी, गुडघे फुटलेली, खोडकर बकुळा. तिने हजेरी घेतली. आणि शरयू खुदकन हसली, आणि सगळ्यांच्या वतीने बोलू लागली. सुगंधाची हजेरी नाकातून. मंदाकिनीची घोगरी. जाईची ऐकू येईल न येईल अशी. बकुळाची धापा टाकत, जणू आत्ता बांधावरून धावत आली. आणि शेवटी स्वतःची.

तेव्हापासून रोज. उन्हाळे गेले, छाटण्या झाल्या, घड आले, ट्रक भरून दूरदेशी गेले. हजेरी चुकली नाही. शरयूची उंची दाराच्या चौकटीवर वर वर चढत गेली, आणि त्या चौघी तिच्याबरोबर वाढत गेल्या. हल्ली ती आवाज बदलत असे ते मान वर न करता, पाठ झालेल्या आरतीसारखं. पण बदलत असे. संज्योतला वाटे, खेळ आहे. शरयूला काय वाटतं, हे कुणी विचारलं नव्हतं.

भागवतने, तिच्या वडिलांनी, मागच्या उन्हाळ्यात एकदा विषय काढला होता. नववीला गावातल्या शाळेत घालू या, आता ठणठणीत आहे पोर. संज्योत म्हणाली होती, पुढच्या वर्षी बघू. पुढचं वर्ष हा तिचा आवडता ऋतू होता. तो कधी येत नसे, त्यामुळे त्यात थंडी वाजत नसे.

या पौषात घड फार, हात थोडे. म्हणून रविवारी बाया आपल्या लेकींनाही कागद बांधायला घेऊन आल्या. गावातल्या शाळेच्या मुली. तेल लावलेल्या घट्ट वेण्या, हातावर मेंदीचे उतरते रंग, ओठांवर अखंड हसू. त्यांच्यात कावेरी. काळीसावळी, तरतरीत, जिभेवर बाभळीचा काटा आणि डोळ्यांत बाभळीचं पिवळं फूल.

शरयू त्यांच्या ओळीत गेली. आपणहून गेली. संज्योत लगेच पलीकडच्या ओळीत कागद बांधायला उभी राहिली. मधे पानांचा पडदा. दाट, दवओला, हिरवा. पडद्याआडून दिसत होतं ते तुकड्यातुकड्यांत. ऐकू सगळं येत होतं.

शरयूच्या गळ्याभोवती आईने गुंडाळलेला लोकरी मफलर होता. कावेरीने तो पाहिला, आणि हातातला कागद तसाच धरून मैत्रिणींना म्हणाली, "हिला पण पेपर लावलाय काय गं?"

मुली हसल्या. शरयूही हसली, जरा उशिरा, शेवटच्या बाकावरून हसल्यासारखी. पण हसली. आणि मफलर सोडून तिने वेलीच्या तारेवर टाकला. पानांआडची आई तारेवरच्या मफलरकडे पाहत राहिली. थंडी किती आहे. तिने पुढच्या घडाला कागद गुंडाळला.

मग विचारपूस सुरू झाली. कितवीला, कुठं, कोण शिकवतं. आणि कावेरीने विचारलं, "तुझ्या शाळंत पोरी किती?"

क्षणभर स्टेपलरची टिचकी थांबली.

"आम्ही पाच जणी," शरयू म्हणाली.

खोटं बोलावं म्हणून नव्हे. हा प्रश्न तिला याआधी कुणी विचारलाच नव्हता, आणि हजेरीत रोज पाच नावं होती. मग ती सांगत गेली. सुगंधा कशी रुसते. मंदाकिनी कशी गाणं म्हणताना डोळे मिटते. जाईला पालीची भीती. आणि बकुळा, बकुळा काय करील नेम नाही. एकदा बंधाऱ्यावरून पलीकडे गेली आणि चप्पल वाहून गेली म्हणून अनवाणी परत आली. मुलींचे हात थांबले. मुली ऐकत होत्या. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी शरयूचं ऐकत होतं, आणि तिचा आवाज ऊन पडलेल्या पाण्यासारखा लखलखत होता. संज्योतने तो आवाज कधी ऐकलेला नव्हता. हजेरीतल्या पाचांपैकी तो कुणाचाच नव्हता.

"मग तुझी खास कोण?"

"बकुळा."

"पुढच्या रविवारी आण की तिला. बघू तरी."

"आणते," शरयू म्हणाली.

पलीकडच्या ओळीत संज्योतच्या हातून एक घड निसटला आणि मातीत पडला. हिरवे मणी विखुरले. तिने वाकून एकेक मणी वेचला. वेचून काय करायचं, हे तिला कळत नव्हतं. घड पुन्हा वेलीला लागत नाही.

तो आठवडा धुक्यातून चालत गेला. दिवस निळा, दिवस पांढरा, दिवस करडा. बकुळाच्या नावापाशी शरयू रोज थोडी थांबू लागली. धाप अजून होती. पण आता ती धावून आलेल्या मुलीची नव्हती, अडवून धरलेल्या मुलीची होती. संज्योत पाही. तिचं सारं आयुष्य पाहण्यात गेलं होतं. विचारणं तिला जमत नसे. विचारलं तर फुटेल. न विचारलं तर आत आत सडेल. दोन्ही भयांच्या मधे ती नुसती उभी, हातात कागद घेऊन.

एका सकाळी बीजगणिताच्या मध्यावर शरयूने पेन्सिल ठेवली.

"आई, मला ना..."

तेवढ्यात चुलीवरचं दूध उतू जाईल म्हणून संज्योतचा अर्धा जीव स्वयंपाकघरात. आणि उरलेल्या अर्ध्या जिवाने, वर्षानुवर्षांच्या सवयीने, ओठ आपोआप हलले. "कापडावर आई नाही गं. बाई म्हण."

शरयूने तिच्याकडे पाहिलं. खूप लांबून पाहिलं, नदीच्या पलतीरावरून पाहावं तसं.

"काही नाही, बाई."

दूध उतू गेलंच. संज्योतला परत येऊन कापड उचलायचं होतं, टेबल नुसतं टेबल करून टाकायचं होतं, म्हणायचं होतं, बोल गं राणी, आता मी आई आहे. पण समीकरण अर्धं सुटलेलं होतं, आणि शरयूने पुन्हा पेन्सिल घेतली होती.

संक्रांत मधे येऊन गेली. रविवार आला. धुकं फाटलं, बांधावरून मुलींचं हसू आधी आलं आणि मुली मागून. कावेरीच्या मुठीत कागदाची पुडी होती. तिने ती उघडली. आत तिळगुळाचे दोन लाडू. खरपूस, ओबडधोबड, तिने स्वतः वळलेले.

"एक तुला. एक बकुळाला. कुठंय ती?"

 पानापानावरचं दव ऊन शोधत होतं. शरयूने मान वर केली. तिची छाती भरून आली, गळ्याची शीर तटतटली, गाल तापले, ओठ विलग झाले. काहीतरी वर येत होतं. जड, खरं, आठ वर्षांच्या तळातून उपसून आणलेलं काहीतरी. ते शब्द होते. तिने ते रात्रंदिवस जुळवले होते. बकुळा नाहीये गं. कुणीच नाहीये. मी एकटीच आहे. मला तुमच्यात घ्याल का?

पानांआडून आईने पाहिलं, आणि आईला दिसला तो तोच जुना चेहरा. श्वास अडकतानाचा. बरगड्यांच्या पिंजऱ्यातली ती शीळ येण्याआधीचा क्षण. सगळी वर्षं एका झेपेत परत आली, आणि संज्योत पानं सारून, तारेखालून वाकून, दोघींच्या मधे येऊन उभी राहिली.

"बकुळा आज आली नाही गं," ती म्हणाली. "बरं नाही तिला."

शरयूचे ओठ मिटले. वर आलेलं सगळं, घोटाघोटाने, ती पुन्हा गिळताना दिसली.

कावेरीने एकदा आईकडे पाहिलं, एकदा लेकीकडे. गाव केवढंसं, मंडपापलीकडच्या घरात किती मुली शिकतात, हे तिला ठाऊक नसेल असं नाही. कदाचित तिला ठाऊकच होतं. कदाचित तो दुसरा लाडू म्हणजे दार होतं, हसत हसत उघडून धरलेलं. तिने तो लाडू हळूच संज्योतच्या तळहातावर ठेवला.

"मग तुम्हीच द्या काकू तिला. गोड बोल म्हणावं."

त्यानंतर दिवसभर कावेरीने शरयूची एकही चेष्टा केली नाही. मफलरवरून नाही, शाळेवरून नाही. जपून बोलली, अदबीने बोलली, पाहुणीशी बोलावं तसं. चेष्टा थांबते तिथून परकेपण सुरू होतं. संध्याकाळी मुली बांधावरून निघाल्या तेव्हा त्यांचं हसू नदीच्या वळणापर्यंत ऐकू येत राहिलं, आणि शरयू मंडपाच्या टोकाशी उभी राहून ते ऐकत राहिली. मफलर तिने स्वतःच पुन्हा गुंडाळला होता. घट्ट.

आणि मग सोमवार. धुकं पुन्हा आलं. कपबशा आवरल्या गेल्या. निळं कापड अंथरलं गेलं. खिडकीच्या कट्ट्यावर कागदात बांधलेला लाडू. बांधावरून शाळेच्या सायकली चाललेल्या, निळ्या स्कर्टांच्या, लाल रिबिनींच्या. धुक्यातून उगवत, धुक्यात मावळत. एक घंटी वाजली. कदाचित कावेरीची. थांबली नाही.

संज्योत समोर बसली. तिला माहीत होतं, आज हजेरी घ्यायची नाही. तिला माहीत होतं, आज कापड उचलायचं आणि लेकीला पोटाशी धरायचं. पण हात उचलला जाईना. कापड उचललं आणि खाली आई उरली नसेल तर? आठ वर्षं जे रोज केलं तेच तिच्या ओठांनी केलं, कारण त्यांना दुसरं काही येत नव्हतं.

"सुगंधा."

कुणी बोललं नाही. शरयू खिडकीकडे पाहत होती.

"सुगंधा," संज्योत पुन्हा म्हणाली. आणि ती शांतता इतकी थंड होती, इतकी उघडी होती, की तिनेच ती झाकली. नाकातून, हलक्या स्वरात. "हजर, बाई."

"मंदाकिनी." घोगरा आवाज. "हजर, बाई."

"जाई." ऐकू येईल न येईल. "हजर."

"बकुळा." आणि आई धापा टाकू लागली. धापा टाकता टाकता डोळे भरून आले, धाप खरी झाली, थांबेना. "हजर, बाई. हजर."

मग ती थांबली. मग तिने शेवटचं नाव घेतलं.

"शरयू."

शरयू समोर होती. हाताच्या अंतरावर. मफलर, वेणी, खिडकीतला उजेड, सगळं होतं. संज्योतने आपला गळा धुंडाळला. चौघींचे आवाज तिला येत होते, चौघींना तिनेच जन्म दिला होता. पण त्या रविवारी पानांआडून ऐकलेला तो आवाज, ऊन पडलेल्या पाण्यासारखा, तो तिच्या गळ्यात नव्हता. तो कुणाकडून आणता येत नव्हता.

शरयूने निळ्या कापडाचं टोक दोन बोटांत धरलं. ओढलं नाही. सोडलं नाही.

बाहेर वारा उठला. मंडप हलला. घडाघडावरचे सगळे कागद एकदम सळसळले, भरलेल्या वर्गासारखे कुजबुजले. आणि मग एकेक करून, एकेक करून, गप्प झाले.