थोरल्याचा आढा

आमच्या भावकीत धाकट्यानं थोरल्याच्या घरापरास आढा, म्हंजी छपराचं सगळ्यात वरचं लाकूड, उंच न्यायचा न्हाई. कुनी घालून दिलं हे, देव जाने. पन आमचं मालक, मानसिंग, पलटनीतून घरी आलं आन् थोरल्या भावाच्या, लालासाहेब भावजींच्या, घराला लागून हॉल बांधला, तवा आढा इतभर खालीच ठिवला. मग पत्र्याला ढाळ कुठनं मिळनार? पत्रं आडवं पडल्यागत झालं.

आन् पाऊस आमच्या पाटनचा! पत्र्यावर पानी साचायचं, जोडातनं आत गळायचं. मालक दर साली जोडांवर डांबर फासायचं. उजेडासाठी मधी फायबरचा एक पत्रा हुता, तोबी गळाय लागला, म्हनून त्याच्यावरबी डांबर फासलं. सगळं छप्पर एकसारखं काळं. एका पावसात गळती बघाय वर चढलं, त्याच फायबरवर पाय दिला आन् खाली आलं ते गेलंच.

तवापासनं पाऊस लागला की पत्र्यावर पावलं वाजत्यात. कडेपासनं निघायची, त्या जागेपर्यंत यायची आन् थांबायची. हॉलात आमची लेक संयोगिता अंगणवाडी चालवती. पोरं वर बोट करून म्हनायची, "बाई, आबा आलं." तिचा चेहरा पांढरा पडायचा. मी मात्र खाली उभं ऱ्हाऊन हाका मारायची, "आवं, उतरा की आता. किती भिजताय?" एकदाबी उतरलं न्हाईत. पन हायत, एवढं तरी कळायचं.

औंदा तालुक्याचं इंजिनेर जयराज सायेब आलं. म्हनलं, "काकी, एवढ्या कमी ढाळाला हा पत्रा नियमात बसत नाही. पाणी उलटं आत शिरतंय, खालची लाकडं कुजलीत. आढा उचलून ढाळ वाढवा, नाहीतर अंगणवाडी दुसरीकडं न्यावी लागेल."

"पत्रं काढायचं न्हाईत," मी म्हनलं.

"आई, पोरांच्या डोक्यावर पडलं तर?" संयोगिता म्हनली.

"आन् पत्रं काढल्यावर तुझा बाप चालंल कुठं, ते सांग की!" मी वरडले. ती रडाय लागली. मग माझंच मला वंगाळ वाटलं, आन् मी व्हय म्हनलं.

गडी कामाला आलं त्या सकाळी पाऊस भुरभुरत हुता. शिडी लावली आन् वर पावलं वाजाय लागली. गडी हत्यारं टाकून अंगनात पळालं. गलका ऐकून भावजी काठी टेकत आलं. त्यांचा असल्या गोष्टींवर इस्वास न्हाई. त्यांनी वर बघितलं. छपरावर कोन न्हाई, पन साचल्या पान्यात पाऊल पडावं तसं पानी उडत हुतं.

भावजी दोन पावलं पुढं आलं. "मानसिंग," ते म्हनलं, "आढा उचलतोय रं. जाऊ दे माझ्यापरास वर. मी थोरला सांगतोय. उतर आता."

पावलं थांबली. मग वळली. त्या जागेला वळसा घालून कडेला आली. शिडीच्या पायऱ्या करकरल्या, वरनं खाली. मी पळत शिडीपाशी गेले, दोनी हात पुढं केलं. गार वारं अंगाला चाटून गेलं, थांबलं न्हाई. भावजींच्या पायापाशी चिखलात दोन हातांचं ठसं उमटलं, पाया पडताना उमटावं तसं. त्याच्यापुढं काय न्हाई.

भावजी तिथंच बसून लेकरागत रडलं. मी न्हाई रडले. मला लय राग आला हुता.

आता ढाळ झालाय, सायेब बघून पास करून गेलं. पोरं कोरडी बसत्यात. संयोगिता म्हनती, आबा सुटलं. सुटलं असतील, बरं झालं. पन आवं, मी एवढं पावसाळं घसा फोडून हाका मारल्या, एकदा तरी माझ्यासाठी उतरायचं हुतं.