सोनीच्या पायाचं माप

प्रेमराज नागपूरला गेल्याचा आठवा दिवस आणि आमच्या लेकीच्या, भाविकाच्या तापाचा पाचवा. माझा नवरा आमदारांचा सहायक. हिवाळी अधिवेशनात त्याला मान वर करायला सवड नसते. दुपारी एकच मेसेज येतो, "भावू कशी आहे?" मी लिहिते, "खेळतेय." सोबत दिवाळीतला एखादा व्हिडिओ.

असं करायला सासूबाईंनीच सांगितलं. "त्याले काही सांगू नको. तठे त्याना जीव टांगणीले लागी. पोरसले ताप येस." बोलणं मायेचंच होतं. पाच दिवस त्याही नातीच्या उशापासून हलल्या नव्हत्या.

एरंडोलच्या आमच्या घरात एक पत्र्याची पेटी आहे. तिच्यात जीवराम आबांची पत्रं. हे प्रेमराजचे खापरपणजोबा, इंग्रजांच्या काळात मुंबईच्या कौन्सिलात सभासद होते. धुळ्याला कॉलेजात असताना मी मोडी शिकले, म्हणून ती वाचायचं काम माझ्याकडे. एक हात भावूच्या कपाळावर ठेवून मी वाचत बसे.

आबा गावी आपल्या आईला लिहीत. सारावाढीवर बोलायचं आहे, मुंबईचं पाणी मानवत नाही, आणि प्रत्येक पत्राच्या शेवटी, "सोनीचा ताप उतरला की कसे, ते लिहावे." सोनी त्यांची धाकटी लेक. पुढे पत्रांचा सूर खुलतो. ताप उतरल्याचं कळलं. ती चालू लागल्याचं कळलं. "वाळे करावयाचे आहेत. पायाचे माप दोऱ्याने घेऊन धाडावे." त्यानंतरचं पत्र, "दोरा पावला."

आज त्या पत्राच्या घडीत दुसरं एक सापडलं. त्याचा कोपरा फाडलेला होता.

सासूबाई मागे सरकल्या. "मयतना कागद शे तो. कोपरा फाटेल कागद घरमा ठेवतस नही. बाहेर वाचीसन फाडी टाकतस."

पण कुणीतरी तो ठेवला होता. मी मोठ्याने वाचला.

"तीर्थरूप मातोश्रींचे सेवेसी. आपल्या गावचा पुना आज येथे भेटला. सोनी कार्तिकातच गेली, असे त्याचे तोंडून कळले. माझे कौन्सिलचे काम अडू नये म्हणून आपण कळविले नाही, हे समजले. परंतु पौषात आपण लिहविले की ती चालते. ती कोण चालत होती? दोरा मजजवळ आहे. तो कोणाच्या पायाचा?"

सही नव्हती.

भावूचा श्वास माझ्या मनगटाला लागत होता. गरम, भराभर. खोलीत कुणीतरी उत्तराची वाट बघत उभं आहे, असं मला वाटत राहिलं. तेवढ्यात फोन वाजला. प्रेमराजचा मेसेज. "तिबेटी बाजारात आलोय. भावूला स्वेटर घेतो. माप पाठव."

शिवणाची टेप शेजारीच पडली होती. मी तिला हात लावला नाही. फोन लावला.

"प्रेम, तो व्हिडिओ दिवाळीचा आहे. पाच दिवस झाले, ताप उतरत नाहीये."

पलीकडे बाजाराचा गलका.

"मग काल हसत होती ती?"

"दिवाळीतली."

"जळगावला घेऊन नीघ," तो म्हणाला. "मी गाडी पकडतो."

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी भावूचं टोपडं शोधलं, तिला शालीत गुंडाळलं आणि माझ्याआधी उंबरठ्याबाहेर जाऊन रिक्षाला हात केला.