कपाटातल्या सात चात्या

लेओन्स रेबो यांना आज कसलाही वास यायला नको होता. लॅव्हेंडरच्या मळ्याकडे भर जुलैच्या सकाळी निघालेल्या माणसाने अशी इच्छा धरावी हे विचित्र होते, पण त्यामागे हिशोब होता. कोटाच्या खिशातल्या बरणीचे झाकण त्यांनी पुन्हा एकदा चाचपून पाहिले.

बरणीत लॅव्हेंडरची एक चाती होती: फुले आत दुमडून, त्यांच्या हिरव्या दांड्यांमधून जांभळी रिबीन विणलेली, मुठीत मावेल एवढी. त्यांच्या पत्नीने, सोलांजने, अशा सात चात्या विणून कपाटात कपड्यांमध्ये ठेवल्या आणि त्याच हिवाळ्यात ती गेली. त्याला आता दीड वर्ष झाले होते.

चाती दाबली की तिचा वास पुन्हा जागा होतो, हे व्हालांसोलच्या पठारावर लहान पोरांनाही ठाऊक असते. लेओन्स यांनी मात्र जन्मभर अत्तराच्या भट्ट्यांचे बॉयलर सांभाळले होते. मोजल्यावाचून त्यांना चैन पडत नसे. रोज सकाळी सात वाजता ते एक चाती एकदाच दाबत, हुंगत आणि वहीत दहापैकी गुण मांडत. आठ, सात, सात, सहा. फेब्रुवारीत ते तापाने पंधरा दिवस अंथरुणाला खिळले. उठल्यावर सातही चात्या हुंगल्या आणि वहीत शून्य मांडले. दुसऱ्या दिवशीही शून्य. दाबून दाबून आपणच सोलांजला कपाटाबाहेर घालवले, अशी त्यांची खात्री झाली. त्या दिवशी त्यांनी कपाटाला कुलूप लावले.

गेल्या आठवड्यात मात्र चुलीवर कॉफी करपून घरभर धूर झाला, आणि शेजारीण दार ठोठावेपर्यंत त्यांना पत्ता लागला नाही. म्हणजे शक्यता दोन झाल्या. एक तर चात्या संपल्या असतील, नाहीतर नाक. नाक संपले असेल, तर सोलांज अजून कपाटात असू शकत होती.

पठारावरच्या माणसांना जुलैतला वास तसाही जाणवेनासा होतो, म्हणून वाटेवरचा पुरावा त्यांनी जमेस धरला नाही. मळ्याच्या कडेला पहिल्या ओळीतले एक कणीस तळहातावर चुरडले. काही नाही. पण कणीस दवाने ओले होते, तेही बाद.

मळा जिस्लेनचा. सोलांज तिची बाप्तिस्म्याच्या वेळची धर्ममाता. जिस्लेन आणि तिचा नवरा रेमी अंगणातल्या तांब्याच्या भट्टीतून वाफाळलेला चोथा लांब दांड्याच्या पंज्याने उपसत होते.

"या काका," जिस्लेन म्हणाली. "मावशी गेल्यापासून इकडे पाऊल नाही टाकलंत. आज काय, रेमीनं भट्टी बिघडवल्याचं स्वप्न पडलं?"

"भट्टीचं पाणी किती गरम सुटतंय?"

"बघा. माणसाची तब्येत विचारायची सोडून पाण्याची चौकशी."

"पाणी बरं असलं की माणसं बरी असतात," रेमी म्हणाला. "काकांचं शास्त्र आहे ते."

लेओन्स चोथ्याच्या वाफेत वाकले. तोंडावर ऊब आली, चष्मा धुरकटला. बाकी काही नाही. शेवटची कसोटी तेलाची. कठड्यावरच्या बाटलीत त्यांनी बोट बुडवले, मनगटावर चोळले आणि डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला. दोघे आपल्याकडे पाहत आहेत हे जाणवल्यावर काहीतरी बोलणे भागच होते.

"चांगलं उतरलंय," ते म्हणाले. "फुलं वेळेवर कापलीत."

जिस्लेनच्या हातातला पंजा थांबला. "काका, ते व्हिनेगर आहे. तांबं घासायचं."

"म्हणजे यंदा तेलापेक्षा व्हिनेगर सरस," रेमी म्हणाला. पण बायकोने पाहताच पुन्हा चोथ्याला लागला.

बोटाला ते तेलासारखे बुळबुळीत लागले नव्हते, हे लेओन्स यांच्या आत्ता ध्यानात आले. तरीही त्यांना शरम वाटली नाही; हवा होता तो पुरावा मिळाला होता.

"कधीपासून?" जिस्लेनने हळू विचारले.

"फेब्रुवारीपासून."

"आणि कुणाला सांगितलं नाहीत?"

"कुणाला सांगायचं होतं?" त्यांनी विचारले. त्यांना खरोखरच ते नाव हवे होते.

तिने पंजा भट्टीला टेकवला. त्यांनी खिशातून बरणी काढून तिच्यापुढे धरली. "ही हुंग. दाबू नकोस."

तिने झाकण उघडले, नाक खुपसले आणि मान हलवली. "इथं नाही कळायचं, काका. जुलैभर मला रेमीसुद्धा लॅव्हेंडरचाच वाटतो."

लेओन्स यांनी बरणी हिसकावून झाकण लावले, पण उशीर झाला होता. पठार आत शिरले होते. आपल्या नाकाची कसोटी त्यांनी पायरीपायरीने आखली होती. तिच्या नाकाचा विचारच केला नव्हता. "ही आता बाद," ते म्हणाले. "घरी सहा राहिल्यात. येशील?"

तिने भट्टी रेमीवर सोपवली आणि गाडी काढली.

घरी लेओन्स यांनी तिला कोपरापर्यंत साबणाने हात धुवायला लावले, एप्रन गाडीत ठेवायला लावला, आणि नाक कोरे व्हावे म्हणून दहा मिनिटे स्वयंपाकघरात बसवले. मग कुलूप काढले. जिस्लेन सोलांजच्या कोटांमध्ये डोके घालून उभी राहिली. लागायला हवा होता त्याहून जास्त वेळ.

"आहे," ती आतूनच म्हणाली.

"दहापैकी किती?"

"असं कसं सांगू, काका?"

"सांग."

"पाच." ती बाहेर आली, तेव्हा तिचे डोळे ओले होते. "आणि तिचा साबणही आहे. तो बदामाचा."

साबणाचा रकाना वहीत नव्हता. लेओन्स यांनी घाईने कपाट लावून घेतले. उघड्या दारातून किती जात असेल कोण जाणे.

"दुपारी जेवायला या," ती दारात म्हणाली.

"भट्टी चालू असताना पाहुणे बोलावू नयेत. जा तू, रेमी पाणी बघत नाही."

गाडीचा आवाज विरला. त्यांनी वहीत पाच मांडले, पुढे जिस्लेनचे नाव लिहिले आणि शेजारी साबणासाठी एक नवा रकाना आखला. त्यात काय भरावे ते त्यांना सांगता येईना, म्हणून तो रिकामा ठेवला.

बरणीतली चाती आता कपाटात ठेवता येत नव्हती. ती त्यांनी बाहेर काढली, नाकाशी धरली आणि प्रथमच मोजमाप न ठेवता पुन्हा पुन्हा दाबली. वाळलेल्या दांड्या कुरकुरल्या. तेवढे मात्र स्पष्ट ऐकू आले.